खळे, पेव आणि अंबारखाना : खानदेशातील मध्ययुगीन धान्यसाठ्याची रचना

मध्ययुगीन खानदेशात धान्याला एकच मोठे घर नव्हते. कापणीनंतरचे पीक उघड्या खळ्यावर मळले जाई. मोकळे झालेले धान्य जमिनीखालच्या पेवात, घरातल्या बळदात किंवा कणगीत जाई. सरकारी वाट्याचे धान्य गढीच्या किंवा किल्ल्याच्या कोठारात जमा होई आणि कडबा खळवाडीत गंजी रचून ठेवला जाई. आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या या मुलखात धान्यसाठ्याची वास्तू अशी वेगवेगळ्या ठिकाणी विभागलेली होती. तिची रचना मुख्यतः तीन गोष्टींनी ठरवली : कोरडी हवा, ज्वारीसारखे पीक आणि धान्यावरचा हक्क.

याच काळात इंग्लंडमध्ये ही सारी कामे एका छपराखाली चालत. ऑक्सफर्डशायरमधील ग्रेट कॉक्सवेलचे धान्यघर तेराव्या शतकाच्या अखेरीस सिस्टर्शियन पंथाच्या मठाने बांधले. दगडी भिंती आणि आत उंच लाकडी खांबांच्या रांगा असलेली ही इमारत सुमारे ४६ मीटर लांब आहे. लंडनजवळच्या हार्मंड्सवर्थचे धान्यघर १४२६ च्या सुमाराचे असून त्याची लांबी सुमारे ५८ मीटर आहे. तिथे कापणीच्या दिवसांतही पाऊस असे, म्हणून पेंढ्या तशाच आत रचून ठेवत आणि हिवाळाभर आतच थोडे थोडे मळत. पेंढ्यांना धान्याच्या कितीतरी पट जागा लागते. त्या इमारतींचा प्रचंड आकार त्यातून आला.

खानदेशात उलट स्थिती होती. वर्षाचा पाऊस साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर आणि तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. रब्बीची दादर ज्वारी काढणीला येते तेव्हा फेब्रुवारी-मार्चचे कडक ऊन असते. पीक वाळवायला किंवा मळायला छपराची गरजच नव्हती. छप्पर लागे ते फक्त मळलेल्या दाण्याला, आणि तेही पुढच्या पावसाळ्यापूर्वी.

आधीचा वारसा

तापी आणि गिरणा खोऱ्यांत शेतीची वस्ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून आहे. चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठच्या बहाळ येथे म. न. देशपांडे यांनी १९५० च्या दशकात उत्खनन केले. तापीकाठच्या प्रकाशे येथे ब. कृ. थापर यांनी १९५५ च्या सुमारास उत्खनन केले. दोन्ही ठिकाणी ताम्रपाषाणयुगापासून पुढच्या ऐतिहासिक काळापर्यंतच्या वस्तीचे थर एकावर एक सापडले.

त्या काळी धान्य कसे साठवत, याचे सर्वांत स्पष्ट चित्र पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे मिळाले. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक हंगाम येथे खोदकाम केले. घरांत जमिनीत खणलेले आणि आतून चुन्याने लिंपलेले खड्डे होते. कणग्या ठेवण्यासाठी मातीचे गोल ओटे होते. एका मोठ्या, पाच खोल्यांच्या घराला लागून धान्यकोठार होते. ते घर गावप्रमुखाचे असावे आणि कोठारात गावाकडून जमा झालेले धान्य राहत असावे, असा पुरातत्त्वज्ञांचा निष्कर्ष आहे. जमिनीतला खड्डा, घरातली कणगी आणि सत्ताधाऱ्याचे कोठार हे तीन प्रकार तेव्हाच रूढ झाले होते. मध्ययुगात त्यांचाच विस्तार झाला.

खळे : मळणी आणि वाटणी

खळे ही इमारत नव्हती, पण तिच्याइतकीच ती काळजीपूर्वक केलेली जागा होती. गावाबाहेरची, वारा मोकळा येणारी जमीन निवडून ती सपाट करत. पाणी शिंपडून, बैल फिरवून, धुमसाने चोपून आणि शेणाने सारवून ती इतकी टणक करत की दाणा मातीत रुतू नये. मधोमध तिवडा रोवत. त्याला जुंपलेल्या बैलांची पात खुडलेल्या कणसांवरून गोल फिरे आणि खुरांखाली दाणे सुटत. मग वावडीवर उभे राहून सुपाने उफणणी करत. भूस वाऱ्याने दूर जाई आणि दाण्याची रास खाली पडे.

रास घरी नेण्याआधी ती मापली जाई, कारण खळ्यावरच धान्याच्या वाटण्या होत. पायली, मण आणि खंडी ही मापे चालत. वीस मणांची एक खंडी होई, मात्र मणाचे वजन प्रांताप्रांतात बदलत असे. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, महार अशा बलुतेदारांचा वाटा येथेच निघे. सरकारचा वाटा जेव्हा धान्यात घेतला जाई, तेव्हा तोही येथेच ठरे.

१६५३ ते १६५८ या काळात औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना त्याचा दिवाण मुर्शिद कुली खान याने महसुलाची नवी घडी बसवली. तिच्यात बटाईची, म्हणजे पीक वाटून घेण्याची पद्धत होती. पावसावरच्या पिकाचा निम्मा आणि विहिरीवर पिकवलेल्या धान्याचा एक तृतीयांश वाटा सरकारचा होता. पाणी काढण्याचे कष्ट शेतकऱ्याचे, म्हणून तिथे सरकारी वाटा कमी धरला गेला. इंग्लंडमधील मठांच्या मोठ्या धान्यघरांमागेही अशीच कारणे होती. तिथे मठाच्या शेतीचे किंवा चर्चला द्यायच्या दशमांशाचे धान्य साठे. धान्यात महसूल घेणाऱ्या प्रत्येक सत्तेला कोठार बांधावेच लागते.

पांझरा, कान आणि मोसम या नद्यांवरील फड पद्धतीतही वाटणीचे हेच तत्त्व दिसते. बंधाऱ्याने अडवलेले पाणी पाटाने सामाईक फडांना मिळे. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला आणि इतर राखणदारांना मोबदला धान्यात मिळत असे.

पेव : जमिनीखालचे कोठार

शेतकऱ्याचा आणि सावकाराचा मोठा साठा पेवात असे. पेव म्हणजे जमिनीत खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असलेला, पुरलेल्या चंबूसारखा खड्डा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढे. लहान पेव पुरुषभर खोल, तर मोठे दोन-तीन पुरुष. तोंड अरुंद असल्याने झाकायला कमी जागा लागे आणि हवा व पाणी आत शिरण्याची वाटही लहान राही.

पेवाची जागा निवडणे हेच खरे कौशल्याचे काम होते. तापीकाठची काळी माती पिकाला उत्तम, पण पेवाला अगदी निरुपयोगी. ती पावसात पाणी धरून फुगते आणि उन्हात भेगाळते. त्यामुळे पेवे शेतात नव्हे, तर गावठाणात, पांढरीत खणत. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची उंचवट्यावरची घट्ट माती. तिच्याखाली मुरूम लागला तर आणखी चांगले. उंचवट्यामुळे पावसाचे पाणी निचरून जाई, आणि गावठाणात असल्याने साठ्यावर सर्वांची नजर राही.

खणून झाल्यावर पेवात काटक्या आणि गोवऱ्या पेटवून आतून भाजत. त्यामुळे भिंतीतली ओल जाई, माती टणक होई आणि किडे मरत. मग तळाशी व कडेने कडबा, गव्हाचा भुसा किंवा वाळका पाला यांचा जाड थर लावत. त्यात चांगली वाळलेली ज्वारी तोंडापर्यंत भरत. वर पुन्हा भुसा, त्यावर दगडी चीप आणि शेवटी माती व शेणाचा लेप. वर पाणी साचू नये म्हणून मातीचा उंचवटा करत.

यानंतर पेव स्वतःच काम करी. दाणा जिवंत असतो, तो श्वसन करतो, आणि त्याच्यात लपलेले किडेही श्वसन करतात. बंद पेवातला ऑक्सिजन हळूहळू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. मग किडे मरतात आणि दाण्याचे श्वसनही मंदावते. जमिनीखाली तापमान वर्षभर फारसे बदलत नाही, त्यामुळे खानदेशातल्या मे महिन्याच्या उन्हाळ्याचाही साठ्यावर फारसा परिणाम होत नसे. नीट भरलेल्या पेवातली ज्वारी अनेक वर्षे खाण्याजोगी राही. शिवाय जमिनीखालचा साठा आगीत जळत नसे आणि गाव लुटायला आलेल्या फौजेला तो सहज सापडतही नसे.

पेवाचे दोषही तितकेच ठरलेले होते. कडेच्या भुशाजवळचा थर ओलीने काळा पडे आणि सगळ्या धान्याला एक उग्र वास येई. अशा धान्याची उगवणशक्ती कमी होई, म्हणून बियाण्याचे वाण पेवात ठेवत नसत. निवडक कणसे आढ्याला टांगत किंवा दाणे राख आणि कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात ठेवत. एकदा उघडलेले पेव पुन्हा बंद करून फारसा उपयोग नसे, त्यामुळे ते एका वेळी सगळे रिकामे करावे लागे. म्हणून पेवातला माल बहुधा विक्रीचा किंवा दुष्काळासाठी राखलेला असे, रोजच्या भाकरीचा नसे.

सर्वांत मोठा धोका उघडताना असे. आतल्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ नसे, आणि घाईने उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध होऊन दगावू शके. म्हणून तोंड बराच वेळ उघडे ठेवत आणि आत दिवा सोडून तो तेवतो का, हे पाहून मगच माणूस उतरवत.

महाराष्ट्रात हे तंत्र अगदी अलीकडेपर्यंत टिकले ते सांगलीजवळच्या हरिपूर परिसरात. तेथील पेवांत ज्वारीऐवजी हळद साठवत. २००५ च्या महापुरात यांपैकी अनेक पेवांत पाणी शिरून मोठे नुकसान झाले. पाणी लागले की पेव संपले, हे त्या पुरात पुन्हा दिसले.

धाब्याच्या घरातली साठवण

रोजच्या वापराचे धान्य घरात असे. खानदेशातले जुने घर धाब्याचे. मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या जाड भिंती, त्यांच्या आत लाकडी खांब, त्यांवर तुळया आणि कडीपाट, आणि सर्वांत वर चोपलेल्या पांढऱ्या मातीचा थर. जाड माती उन्हाला अडवते, त्यामुळे आतल्या खोल्या थंड आणि कोरड्या राहतात.

मोठ्या घरांत दोन भिंतींमधली एखादी अरुंद, दार नसलेली जागा बळद म्हणून राखलेली असे. तिचे तोंड वर, धाब्यात. वाळलेले धान्य वर नेऊन तिथून ओतत आणि तोंड झाकून लिंपत. खाली भिंतीत एक लहान भोक असे. त्याचा बोळा काढला की लागेल तेवढे धान्य ओघळे, आणि पुन्हा बोळा बसवून ते बंद करत. आधी आत गेलेले धान्य आधी बाहेर येई, त्यामुळे जुना माल तळाशी पडून राहत नसे. धाबे धान्य वाळवण्याचे अंगण होते आणि साठ्याचे दारही तेच होते.

ज्यांच्याकडे बळद नव्हते त्यांची कणगी असे. तुरीच्या काड्या, निरगुडी किंवा बांबूच्या कांब्या विणून तिचा सांगाडा करत आणि आतबाहेर शेणमातीने लिंपत. ओल आणि उंदीर टाळण्यासाठी ती दगडांवर किंवा ओट्यावर ठेवत. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि डोंगरात भिल्ल, पावरा आदिवासींच्या घरांत बांबूच्या मोठ्या कोठ्या असत. तिथे बांबू हाताशी होता आणि खडकाळ उतारावर पेव खणणे अवघड होते.

अंबारखाना : सत्तेचे कोठार

चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात मलिक राजाने थाळनेर येथे फारुकी सत्तेचा पाया घातला. त्याच्या मृत्यूनंतर, १३९९ मध्ये, धुळ्याजवळचा लळिंग एका मुलाकडे आणि तापीकाठचे थाळनेर दुसऱ्याकडे गेले. पुढे असीरगड आणि बऱ्हाणपूर ही या सत्तेची केंद्रे झाली. अशा प्रत्येक ठाण्याची ताकद तटाइतकीच आतल्या पाण्यावर आणि धान्यावर अवलंबून होती. किल्ल्यावरच्या धान्यकोठाराला अंबारखाना म्हणत.

कोठार ओस असले तर काय होते, याचा दाखला देवगिरीच्या १२९६ च्या वेढ्यात मिळतो. अलाउद्दीन खल्जीने अचानक चाल केल्यावर रामदेवराव यादव किल्ल्यात गेला. फरिश्ताच्या इतिहासानुसार घाईत किल्ल्यावर नेलेली पोती धान्याची समजली गेली, पण उघडल्यावर त्यांत मीठ निघाले. रामदेवरावाला तह करावा लागला. उलट १६०१ मध्ये अकबराच्या हाती पडलेल्या असीरगडावर धान्यपाण्याची टंचाई नव्हती. तिथे कोठारे भरलेली असूनही किल्ला गेला, आणि त्याची कारणे म्हणून रोगराई व फितुरी यांचा उल्लेख वेगवेगळ्या साधनांत येतो.

खानदेशातल्या किल्ल्यांवरच्या इमारती आता बहुतेक पडलेल्या आहेत. मध्ययुगीन अंबारखान्याची रचना नीट पाहायची तर कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळ्यावर जावे लागते. तेथील अंबारखान्यात गंगा, यमुना आणि सरस्वती अशा तीन कोठ्या आहेत. गंगा कोठी सर्वांत मोठी. तिचे क्षेत्रफळ सुमारे १०,२०० चौरस फूट, उंची सुमारे ३५ फूट आणि क्षमता २५,००० खंडी सांगितली जाते. वरी, नाचणी आणि भात अशी धान्ये येथे साठवत. बांधकामावर विजापुरी शैलीची छाप आहे आणि पूर्वेकडील प्रवेशद्वारावर त्याच धाटणीचे चुनेकाम आहे.

कोठीची रचना पाहिली की धान्यसाठ्याची सारी गरज लक्षात येते. आतली जागा सोळा खणांत विभागली आहे. प्रत्येक खणावर स्वतंत्र, बसकी कमानदार घुमटी आहे आणि तिच्या माथ्यावर एक भोक. बाहेरच्या दोन्ही बाजूंच्या जिन्यांनी पोती छतावर नेत आणि या भोकांतून धान्य खाली ओतत. म्हणजे तत्त्व धाब्याच्या घरातल्या बळदाचेच, फक्त दगडात आणि राजसत्तेच्या मापात. खणांमुळे छताचा भार अनेक खांबांवर वाटला जाई. भिंती अवाढव्य जाड ठेवाव्या लागल्या, कारण साठवलेले धान्य नुसते खाली दाबत नाही, भिंतींना आडवा रेटाही देते. दगडी छतामुळे आगीची भीती कमी झाली आणि जाडीमुळे आत गारवा राहिला. मार्च ते जुलै १६६० या काळात सिद्दी जौहरच्या वेढ्यात शिवाजी महाराज पन्हाळ्यावर महिनोन्महिने टिकून राहिले, त्यामागे या साठ्याचाही हात होता.

कोठार बांधून काम संपत नसे. मराठी किल्ल्यांवर हवालदार, सरनोबत आणि सबनीस यांच्या जोडीला कारखानीस असे आणि धान्यसामग्रीचा हिशेब त्याच्याकडे असे. साठ्याबद्दल किती बारकाईने विचार होई, हे चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेल्या १६७३ च्या पत्रातून कळते. पावसाळ्यासाठी राखलेले धान्य आणि गवत आधीच संपवू नका, रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, अशी ताकीद त्यात आहे.

साठा अपुरा पडतो तेव्हा

एका वाईट वर्षाला पेवे आणि बळदे पुरत, पण सलग दोन वर्षांना नाही. १६३० मध्ये गुजरात, खानदेश आणि दख्खनमध्ये पाऊस झाला नाही. १६३१ मध्ये अतिवृष्टीने उभे पीक गेले. इंग्रज व्यापारी पीटर मंडी १६३० च्या अखेरीस सुरतेहून नंदुरबारमार्गे बऱ्हाणपूरकडे गेला. वाटेतली प्रेते आणि उपाशी माणसे त्याने आपल्या रोजनिशीत नोंदवली. बऱ्हाणपुरात तळ देऊन असलेल्या शाहजहानने अन्नछत्रे उघडली आणि वीस आठवडे दर सोमवारी पाच हजार रुपये वाटण्याची आज्ञा दिली.

अशा वेळी धान्य बाहेरून आणणारे मुख्य लोक होते बंजारे, म्हणजेच लमाण. हजारो बैलांचे त्यांचे तांडे माळवा, खानदेश आणि दख्खन यांच्यात धान्य व मीठ वाहत. फौजांचा पुरवठाही तेच करत. मंडीने पुढे १६३२ मध्ये धान्याने लादलेल्या चौदा हजार बैलांचा एक तांडा पाहिल्याचे लिहिले आहे. कोठार जिथल्या तिथे असते, पण तांडा टंचाईकडे जातो. या दोहोंच्या जोडीवरच मध्ययुगीन धान्यव्यवस्था चाले.

पेवाकडून गोदामाकडे

१८१८ नंतर खानदेशात ब्रिटिश अंमल आला आणि महसूल रोखीत ठरू लागला. सरकारला धान्य साठवण्याची गरज उरली नाही. १८६० च्या दशकात भुसावळ, जळगावमार्गे रेल्वे आली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले आणि ज्वारीच्या जमिनीत कापूस शिरला. धान्य पेवात राखण्यापेक्षा विकणे सोपे झाले. वखारी रेल्वे स्टेशनांजवळ आणि व्यापारपेठांत उभ्या राहिल्या. १८९९-१९०० च्या दुष्काळात खानदेश होरपळला तेव्हा गावोगावची राखीव पेवे पूर्वीइतकी उरली नव्हती.

स्वातंत्र्यानंतर साठ्याची जबाबदारी संस्थांकडे आली. १९५७ मध्ये केंद्रीय वखार महामंडळ आणि १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. खानदेशाच्या दक्षिण सीमेवरील मनमाड येथे अन्न महामंडळाची मोठी गोदामे आहेत. घरांत कणगीची जागा पत्र्याच्या कोठीने घेतली. पेवाचे मूळ तत्त्व मात्र आज हवाबंद प्लास्टिक पिशव्यांच्या रूपाने पुन्हा वापरात आले आहे. त्यांतही किडे ऑक्सिजन संपल्यानेच मरतात आणि औषध टाकावे लागत नाही.

मध्ययुगीन वास्तूंपैकी पन्हाळ्याच्या कोठ्या आज पर्यटकांना पाहता येतात. खानदेशातली साधने मातीची, म्हणून ती लवकर नाहीशी होत आहेत. गढ्यांची पांढरी माती धाब्यावर आणि शेतात टाकण्यासाठी खणून नेली जाते, बळदांची जुनी घरे पाडून सिमेंटची घरे होतात आणि गावठाणातली पेवे रस्ते व बांधकामांखाली बुजतात. जुनी घरे पाडण्याआधी बळदांची मापे घेणे, खोदकामात सापडलेल्या पेवांची जागा व खोली नोंदवणे आणि खळे-पेवांची कामे केलेल्या वृद्धांची माहिती टिपून ठेवणे, एवढे केले तरी या साठवणविद्येचा मोठा भाग हाती राहू शकतो.